तीनचाकी बाबागाडी घेताना : कापडवाल्याचा एक धडा

आमचा धंदा कापडाचा. तीस वर्षे झाली, भिवंडीच्या बाजारात आम्ही माल घेतो आणि विकतो. ताग्याची घडी उलगडून, उजेडासमोर धरून, काठ तपासून आणि उलट्या बाजूवरून बोट फिरवून पाहिल्याशिवाय आम्ही माल दुकानात चढवत नाही. एवढा तजुर्बा गाठीशी असून दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच्या नातवासाठी एक वस्तू न उलटता, न पाहता घेतली आणि तिची किंमत त्या लेकराने मोजली. ती वस्तू म्हणजे तीन चाकांची बाबागाडी.

आमची धाकटी मुलगी मुंब्र्याला राहते. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा असताना आम्ही हौसेने गाडी नेली. दिसायला झकास, चाके मोठी, वर रिक्षासारखा टप. दुकानदाराने चार गोष्टी सांगितल्या, आम्ही दोन रुपये कमी केले आणि सौदा झाला. चार महिन्यांनी इमारतीसमोरच्या रस्त्यात पुढचे चाक खड्ड्यात अडले, गाडीला जोराचा हिसका बसला आणि मूल पुढे फेकले गेले. पट्टा लावलेला होता. बक्कलही शाबूत राहिले. उसवली ती शिवण. पट्टा ज्या जागी आसनाच्या कापडाला जोडला होता, तिथला टाका निघाला. कपाळाला दोन टाके पडले, जास्त काही झाले नाही, शुक्र आहे.

संध्याकाळी आम्ही ते आसन उलटे करून पाहिले. विरळ विणीचे कापड, त्यावर बारीक दोऱ्याची एकच सरळ शिवण, मागे आधाराची पट्टी नाही. आमच्याकडे असा तागा आला असता तर आम्ही तो त्याच टेम्पोतून परत पाठवला असता. मुलगी एवढेच म्हणाली, "अब्बा, तुम्ही तर कापडातले. तुम्ही पाहिलं नव्हतं का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही या गाड्यांची नीट माहिती काढली, सायकलवाले, शिलाईवाले आणि विक्रेते यांच्याशी बोललो. तीच माहिती आज व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

तीन चाके कशासाठी?

बाबागाडी ही वस्तू विलायतेत जुनी आहे. पूर्वीच्या गाड्या जड आणि मोठ्या असत. छत्रीसारखी घडी होणारी हलकी गाडी ओवेन मॅकलॅरेन या इंग्रज अभियंत्याने १९६५ साली तयार केली. हे गृहस्थ विमान-अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते, आणि तेच हलक्या ॲल्युमिनियम नळ्यांचे ज्ञान त्यांनी नातवंडांच्या गाडीसाठी वापरले. तीन चाकांची आजची गाडी मात्र अमेरिकेची. तिथल्या वॉशिंग्टन राज्यातील फिल बेकलर या पत्रकाराला धावायची सवय होती आणि तान्ह्या मुलाला बरोबर न्यायचे होते. त्याने जुन्या गाडीला सायकलची चाके बसवली. त्यातून १९८४ साली धंदा उभा राहिला आणि हा प्रकार जगभर गेला. म्हणजे ही गाडी मुळात मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या माणसासाठी निघाली, हे ध्यानात ठेवावे.

तीन चाकांचा फायदा समजायला तिपाई आणि चौरंग डोळ्यांपुढे आणा. फरशी ओबडधोबड असली तर चौरंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी सारावी लागते. तिपाई कुठेही टेकते. तीन चाके तशीच, खडबडीत रस्त्यावरही तिन्ही जमिनीला टेकून असतात. शिवाय ही चाके मोठी असल्यामुळे लहान खड्डा, दगड, गटाराची जाळी यांवरून गाडी निघून जाते. छोटे चाक त्याच खड्ड्यात पूर्ण उतरते.

तोटाही तिथेच आहे, आणि तो आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. रिक्षा वेगात वळवली की एक मागचे चाक उचलते. तीन चाकांमध्ये वजन झेलणारी जागा त्रिकोणी असते आणि पुढे ती निमुळती होते. बाळ पुढे झुकून बाजूला वाकले आणि त्याच वेळी गाडी जोरात वळवली, तर ती कलंडू शकते. म्हणून मागच्या दोन चाकांमधले अंतर ऐसपैस असावे आणि बाळाची बैठक खाली असावी. उंच आसन आणि अरुंद मागची बाजू असलेली तीनचाकी दिसायला नाजूक असली तरी ती घेऊ नये.

आधी रस्ता, मग गाडी

गिऱ्हाईक आधी रंग विचारते. आमचे म्हणणे असे की, आधी घरातून टेप घेऊन निघावे. लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी, घराचा उंबरठा आणि जिन्याचे वळण मोजून कागदावर लिहावे. बऱ्याच तीनचाकी गाड्या साठ सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून रुंद असतात आणि वजन दहा किलोच्या पुढे जाते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्या, रोज लोकलने किंवा शेअर रिक्षाने जाणाऱ्या आईला ही गाडी ओझेच होणार. तिच्यासाठी छत्रीसारखी घडी होणारी हलकी चारचाकी बरी, नाहीतर आपली जुनी कडेवरची सवारी. पण इमारतीच्या आवारात, बागेत, मैदानाकडेच्या कच्च्या रस्त्यावर रोज फिरवायचे असेल, तर तीनचाकीला तोड नाही.

पुढचे चाक हाच जीव

पुढची चाके तीन प्रकारची येतात. एक, सरळ बसवलेले चाक. हे फिरत नाही. वळायचे असेल तर हँडल दाबून पुढचा भाग उचलावा लागतो, पण खडबडीत रस्त्यावर ते थरथरत नाही. दुसरे, गोल फिरणारे चाक. बाजारात, दुकानात, गर्दीत हे सोयीचे. तिसरे, फिरणारे पण खटका लावून सरळ अडकवता येणारे. पैसे असतील तर हेच घ्यावे. गर्दीत मोकळे सोडावे, कच्च्या रस्त्यावर आणि उतारावर अडकवावे.

बऱ्याच गाड्यांत पुढचे चाक खटक्याने काढता येते, त्यामुळे गाडी डिकीत मावते. याच सोयीत धोका आहे. अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटॅक्स कंपनीच्या बॉब नावाच्या तीनचाकी गाड्यांबाबत कारवाई सुरू केली. जवळजवळ पाच लाख गाड्यांचा प्रश्न होता. पुढचे चाक चालता चालता निघाल्याच्या दोनशे तक्रारी आल्या होत्या, आणि किमान ५० मुले व ४७ मोठी माणसे जखमी झाल्याचे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीने गाडीत दोष असल्याचे नाकारले, पुढे तडजोड झाली. वाद काहीही असो, शिकायचे ते एवढेच की चाकाचा खटका नीट आवळलेला आहे की नाही हे दर वेळी हाताने पाहायचे. गाडीचा पुढचा भाग उचला, चाक खाली ओढा, दोन्ही बाजूंना हलवा. हलले तर बाळाला बसवू नका.

दुकानात आणखी एक परीक्षा करता येते. सपाट फरशीवर चाक सरळ अडकवून गाडी हलकेच ढकला आणि सोडा. दहा फूट सरळ गेली तर सांगाडा सरळ आहे. एका बाजूला ओढत असेल तर चाकाची बैठक वाकडी आहे, आणि रोज ढकलणाऱ्याच्या मनगटाला ती जाणवत राहील.

टायर, ट्यूब आणि ब्रेक

हवेचे टायर झटका खाऊन टाकतात, पण पंक्चर होतात. आतून फोम भरलेले टायर पंक्चर होत नाहीत, चाल थोडी कडक असते. नुसत्या प्लास्टिकची चाके खडखडतात आणि लवकर झिजतात. हवेचे टायर घेणार असाल तर टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचावा. बारा आणि सोळा इंची मापे आपल्याकडे मुलांच्या सायकलींना लागतात, म्हणून त्यांच्या ट्यूबा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळण्याची शक्यता असते. वेगळे माप असेल तर विक्रेत्याकडून एक जादा ट्यूब त्याच वेळी मागून घ्यावी. या ट्यूबांचा वॉल्व्ह बहुधा मोटारसायकलसारखा असतो, आपल्या साध्या सायकलसारखा नसतो. मात्र ट्रकच्या हवेच्या नळीने एकदम हवा भरू देऊ नये. ट्यूब लहान, ती फुटते. टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नये.

ब्रेकची परीक्षा रिकाम्या गाडीवर करून उपयोग नाही. आसनावर दहा किलो तांदळाची पिशवी पट्ट्याने बांधा, दुकानाच्या उतारावर गाडी उभी करा, ब्रेक दाबा आणि हात सोडा. एका दाबात मागची दोन्ही चाके अडली पाहिजेत. वेगाने चालणाऱ्यासाठी हँडलला मनगटात अडकवायची दोरी असते, ती वापरावी. हँडलवर भाजीच्या पिशव्या लटकवण्याची सवय मात्र मोडावी. वजन मागे जाते आणि गाडी उलटी होते, विशेषतः बाळाला उचलताच. सामान खालच्या जाळीत ठेवावे.

फुटपाथ उतरताना गाडी उलटी फिरवून आधी मागची मोठी चाके खाली सोडावीत. सरकत्या जिन्यावर गाडी कधीही चढवू नये.

घडी आणि बोटे

गाडी एका हाताने मिटते असे विक्रेता सांगेल. आपण स्वतः तीनदा मिटून उघडून पाहावी. उघडल्यावर कुलूप बसल्याचा आवाज आला पाहिजे आणि त्यापुढे एक वेगळा सुरक्षा-खटकाही असला पाहिजे, म्हणजे चालता चालता गाडी मिटणार नाही. बिजागरीकडे खास पाहावे. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅकलॅरेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांबाबत सूचना काढली, कारण घडी उघडताना मुलांची बोटे बिजागरीत सापडून बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तिथे नोंदल्या गेल्या होत्या. इलाज काय केला? बिजागरीवर घालायला कापडी आवरणे वाटली. आम्हा कापडवाल्यांना यातून समजले की वीतभर कापडसुद्धा लेकराचे बोट वाचवते. गाडी उघडताना आणि मिटताना मूल हातभर लांब असावे, हा नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा.

पट्टा आणि शिवण

आता आमच्या विषयाकडे येतो. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा. दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक दोन पायांच्या मधून. फक्त कमरेचा पट्टा असेल तर मूल खालून सरकते किंवा उभे राहते.

मग आसन उलटे करा. पट्टा कुठे जोडला आहे ते शोधा. उत्तम गाडीत पट्टा कापडातून आरपार जाऊन सांगाड्याच्या नळीला किंवा मागच्या कडक फळीला अडकवलेला असतो. मध्यम गाडीत तो कापडावर शिवलेला असतो, पण मागे जाड पट्टीचा आधार असतो आणि शिवण चौकोनी असून तिच्यात फुली मारलेली असते. एकच सरळ शिवण असेल तर गाडी तिथेच ठेवून निघावे. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून जोरात ताणा. टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसू लागला किंवा उभे-आडवे धागे सरकू लागले, तर कापड विरळ आहे. दोरा कितीही मजबूत असो, विरळ कापडात तो टिकणार नाही. आमच्या नातवाच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

आसनाचे कापड बहुतेक पॉलिस्टरचे असते, मागे लेप दिलेला. लेपावर नखाने ओरखडा काढा. भुकटी पडली तर एका पावसाळ्यात लेप सुटेल. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा घासा. रंग उतरला तर तो बाळाच्या कपड्यांवर आणि तोंडातही जाणार, कारण लहान मूल हाताशी येईल ते चोखते. कव्हर काढून धुता येते की नाही ते विचारा, आणि नुसते विचारू नका, काढून दाखवायला सांगा. पॉलिस्टर घाम शोषत नाही, म्हणून त्यावर अंगासरशी सुती चादर घालावी, पण पट्ट्याच्या आड येईल अशी जाड गादी किंवा उशी ठेवू नये.

टपावर कपडा टाकण्याची चूक

उन्हात गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. आई मायेनेच टाकते. पण हवा कोंडते आणि आत भट्टी होते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी कडक उन्हाळ्यात गाड्या ठेवून याची मोजणी केली आणि २०२३ साली निष्कर्ष छापले. कोरडे मलमल टाकलेल्या गाडीत बाहेरच्यापेक्षा सुमारे २.६ अंश सेल्सिअस जास्त उष्णता भरली. कोरडे फ्लॅनेल टाकल्यावर फरक ३.७ अंशांवर गेला. तेच मलमल ओले करून टाकले आणि लहान पंखा लावला तेव्हा आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे ४.७ अंशांनी कमी झाले.

यात नवल नाही. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच कारण इथेही आहे. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. म्हणून कपडा वापरायचाच तर पातळ सुती, ओला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओला केलेला. बाजू मोकळ्या ठेवून वारा खेळता ठेवावा. मालेगाव-जळगावकडच्या कोरड्या उन्हाळ्यात याचा गुण जास्त येईल. कोकणात आणि मुंबईत हवेतच ओल असते, तिथे कमी येईल. सर्वांत चांगले म्हणजे भर दुपारी बाहेर काढूच नये. गाडी घेताना टप लांबवर ओढता येणारा आणि मागे जाळीची खिडकी असलेला पाहावा. काळा रंग झकास दिसतो खरा, पण उन्हात तापतोही सर्वांत जास्त.

बाळाचे वय

जे बाळ मान धरत नाही त्याला बसत्या आसनात ठेवू नये. त्यासाठी पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडी हवी. गाडीबरोबर धावायचे असेल तर बाळ किमान सहा महिन्यांचे असावे आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे. गाडी किती किलोपर्यंत आहे ते तिच्या पट्टीवर लिहिलेले असते. ते वजन ओलांडले की गाडी ठेवून द्यावी.

जुनी गाडी आणि आपला धंदा

आखातातून येणारे नातेवाईक वापरलेल्या गाड्या आणतात, आणि चांगल्या गाड्या येतातही. तेव्हा आधी पट्ट्याचा रंग पाहावा. नायलॉन आणि पॉलिस्टर वर्षानुवर्षे उन्हात राहिले की रंग उडतो आणि ताकदही जाते. पट्टा फिका, कडक किंवा केसाळ झाला असेल तर बदलावा. मॉडेलचा क्रमांक वाचून कंपनीने ती गाडी परत मागवली आहे का ते तपासावे. पुढचे चाक, ब्रेक आणि घडीचे कुलूप वर सांगितल्याप्रमाणे पाहावे.

कारागीर बांधवांना यात काम आहे. सायकलवाल्याला ट्यूब, बेअरिंग आणि ब्रेकची तार, शिलाईवाल्याला कव्हर आणि टप, बॅगवाल्याला बक्कल आणि चेन. पण एक अट पाळावी. पट्ट्याची शिवण सुती दोऱ्याने, घरच्या मशीनवर, "चालून जाईल" म्हणत करू नये. जाड पॉलिस्टर किंवा नायलॉनचा दोरा, मागे पट्टीचा आधार आणि फुलीची चौकोनी शिवण, एवढे जमत नसेल तर गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणावे. त्या मजुरीतून जे दहा-वीस रुपये सुटतील ते कोणाच्या कपाळाच्या टाक्यांपेक्षा मोठे नाहीत.

विकणाऱ्यांनी एक गाडी दुकानात कायम जोडलेली ठेवावी, शेजारी तांदळाची पिशवी ठेवावी आणि गिऱ्हाइकाला स्वतः ढकलू द्यावे. बिलावर मॉडेल, टायरचे माप आणि वजनाची मर्यादा लिहून द्यावी. लिफ्ट लहान आहे असे गिऱ्हाईक म्हणाले तर हलकी चारचाकी दाखवावी, जरी तीनचाकीत नफा जास्त असला तरी. जो एकदा खरे बोलतो त्याच्याकडे दुसऱ्या मुलाच्या वेळी गिऱ्हाईक पुन्हा येते.

आमच्या नातवाची ती गाडी आम्ही विकली नाही, कोणाला दिलीही नाही. सांगाडा भंगारात घातला आणि ते उसवलेले आसन मात्र दुकानात खिळ्याला टांगून ठेवले आहे. नवा पोरगा कामाला लागला की त्याला आधी ते उलटे करून दाखवतो आणि सांगतो, माल कोणताही असो, उलटी बाजू पाहिल्याशिवाय हो म्हणायचे नाही. नातू आता स्वतः पळतो. कपाळावरची खूण बारीक झाली आहे, पण आम्हाला ती अजून दिसते.